दोन हातांचा शोध लावणारा वीज अभियंता

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. शेतीपंपाची लाइट रात्री आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणे, पावसाळ्यात डीपीवरचा फ्यूज उडाला की वायरमनची वाट पाहणे, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नको म्हणून घरच्यांनी बजावणे, हे मराठवाड्यातल्या अशा गावांना नवे नाही. विजेच्या धक्क्याने माणूस कोसळतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या अंगावर मोठी जखमही दिसत नाही. हातपाय शाबूत असतात. थांबलेले असते ते हृदय. तिथून पुढची चार-पाच मिनिटे जे कोणी जवळ असेल त्याच्या हाती असतात.

त्या चार-पाच मिनिटांत काय करायचे याचे उत्तर आज जगभर एकच आहे : छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि लयीत दाबत राहायचे. विजेचा धक्का असो, हृदयविकार असो किंवा चालता-बोलता माणूस अचानक कोसळलेला असो, मोठ्या माणसाचे हृदय बंद पडले की सुरुवात इथूनच होते. या उत्तराच्या मुळाशी विजेच्या तारांवर मरणारे कामगार होते आणि ते शोधण्यात आयुष्याची तीस वर्षे घालवणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो विजेचा अभियंता होता. त्याचे नाव विल्यम बेनेट कौवेनहोवेन.

ब्रुकलिन ते बाल्टिमोर

कौवेनहोवेन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. घराणे मूळचे डच वंशाचे. ते लहानाचे मोठे झाले ते अमेरिकेतील शहरांत वीज नुकती घरोघर पोचू लागली होती त्या काळात. रस्त्यांवर खांब उभे राहत होते, ट्रामगाड्या विजेवर धावू लागल्या होत्या आणि हुशार मुलांना वीज अभियांत्रिकीचे आकर्षण वाटत होते. ब्रुकलिन पॉलिटेक्निकमधून त्यांनी १९०६ मध्ये पदवी घेतली. पुढे जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे जाऊन १९१३ मध्ये अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली. १९१४ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवू लागले आणि उरलेले सारे आयुष्य तिथेच राहिले. १९३० मध्ये प्राध्यापक आणि १९३८ मध्ये अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता झाले.

एवढ्यावर हे चरित्र संपले असते तरी ते एका यशस्वी प्राध्यापकाचे चरित्र ठरले असते. पण हॉपकिन्सची एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. या विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही जगात नावाजलेले होते. एकाच विद्यापीठात अभियंते आणि डॉक्टर दोघेही होते. त्यांनी एकत्र बसावे असा प्रश्न तेवढा यायचा बाकी होता. तो प्रश्न वीज कंपन्यांनी आणला.

तारांवरचे मृत्यू

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विजेचे जाळे झपाट्याने पसरले, तसे लाइनमनचे मृत्यूही वाढले. कामगार खांबावर चढत, तारेला हात लागे आणि क्षणात सारे संपे. न्यूयॉर्कच्या वीज कंपनीला या मृत्यूंचे कारण आणि उपाय हवा होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संशोधनाला पैसा मिळाला आणि हॉपकिन्समध्ये एक वेगळाच गट जमला. शरीरक्रियाशास्त्राचे डोनाल्ड हूकर, मज्जासंस्थेचे तज्ज्ञ ऑर्थेलो लँगवर्दी आणि वीज समजणारे कौवेनहोवेन.

विजेने माणूस जळून मरतो अशी सर्वसाधारण समजूत असते. उच्चदाबाच्या तारेने तसे घडतेही. पण घरातली किंवा मोटारीची साधी वीज मारते ती वेगळ्या रीतीने. हृदय स्वतःच एका बारीकशा विजेवर चालते. हृदयाच्या वरच्या भागातून संदेश निघतो, तो ठरलेल्या वाटेने खाली जातो आणि सारे स्नायू एका तालात आवळले जातात. बाहेरचा प्रवाह छातीतून गेला की हा ताल मोडतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा प्रत्येक धागा आपापल्या मनाने हलू लागतो. हृदय थांबलेले नसते, ते नुसते थरथरत असते. पण त्या थरथरीने रक्ताचा एक थेंबही पुढे ढकलला जात नाही. डॉक्टर या अवस्थेला फिब्रिलेशन म्हणतात. यासाठी फार मोठा प्रवाह लागत नाही. शंभर वॉटच्या बल्बमधून जितकी वीज वाहते, तिचा चौथा हिस्साही छातीतून गेला तर पुरेसा ठरू शकतो.

नेमके असेच विजेचा संबंध नसतानाही घडते. हृदयाला रक्त पुरवणारी नलिका तुंबली की हार्ट अटॅक येतो. तुंबलेल्या नलिकेमुळे हृदयाचा विजेचा ताल बिघडला की हृदय बंद पडते. त्याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. शेतकऱ्याला हा फरक चटकन कळेल. पहिल्यात पाइपलाइन चोक झालेली असते, मोटार चालूच असते. दुसऱ्यात मोटारच ट्रिप झालेली असते. अटॅक आलेला माणूस शुद्धीवर असतो, छाती धरून बोलतो. त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते. अरेस्ट झालेला माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो. त्याच्यासाठी काम जागेवरच सुरू करावे लागते.

धक्क्यावर धक्का

ताल मोडणारी वीजच ताल परत आणू शकेल का, हा प्रश्न या गटापुढे होता. जिनिव्हातील प्रेव्हो आणि बातेली या दोघा शास्त्रज्ञांनी १८९९ मध्येच तसा पुरावा दिला होता, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. हॉपकिन्सच्या गटाने कुत्र्यांवर पुन्हा प्रयोग केले. १९३३ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, थरथरणाऱ्या हृदयाला वेळेत दुसरा, नेमका धक्का दिला तर सारे स्नायू एकदम आवळले जातात, सगळा गोंधळ क्षणभर थांबतो आणि हृदयाचा स्वतःचा ताल पुन्हा सुरू होऊ शकतो. या कामात अनेक कुत्र्यांचे प्राण गेले, हेही या इतिहासाचा भाग आहे.

दुसरे महायुद्ध आले आणि काम मागे पडले. १९४७ मध्ये क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेदरम्यान हृदय बंद पडलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाला विजेचा धक्का देऊन वाचवले. माणसावरचा हा पहिला यशस्वी प्रयोग. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागत होती. त्या काळात हृदय बंद पडले तर डॉक्टर छाती कापून आत हात घालत आणि हृदय मुठीत दाबत. हे ऑपरेशन थिएटरमध्ये शक्य होते. खांबाखाली पडलेल्या लाइनमनसाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता.

कौवेनहोवेन यांना तो लाइनमन विसरता येत नव्हता. छाती न उघडता, बाहेरूनच धक्का देणारे यंत्र बनवणे हे त्यांनी पुढचे उद्दिष्ट ठरवले. हॉपकिन्सच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख आल्फ्रेड ब्लालॉक हे बाळांच्या हृदयावरील शस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झाले होते. त्यांनी या अभियंत्याला आपल्या विभागात प्रयोगशाळेची जागा दिली. १९५४ मध्ये कौवेनहोवेन अध्यापनातून निवृत्त झाले. वय ६८. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम या प्रयोगशाळेतच पडला. १९५६ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी बाहेरून दिलेल्या धक्क्याने माणसाचे हृदय पूर्ववत केले आणि १९५७ मध्ये हॉपकिन्सचे यंत्रही रुग्णावर यशस्वी ठरले.

यंत्र तयार झाले, पण ते एका माणसाला उचलता येण्यासारखे नव्हते. चाकांच्या गाड्यावर ठेवून ढकलत न्यावे लागे. रुग्ण एका मजल्यावर आणि यंत्र दुसऱ्या मजल्यावर असेल तर ते पोचेपर्यंत उशीर होई. रक्त मिळाले नाही तर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. यंत्र कितीही चांगले असले तरी ते येईपर्यंत मेंदू जिवंत कसा ठेवायचा, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

कागदावर उमटलेली छोटी रेघ

उत्तर मिळाले ते १९५८ मध्ये आणि तेही न शोधता. गाय निकरबॉकर हा अभियांत्रिकीचा तरुण विद्यार्थी कौवेनहोवेन यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. कुत्र्याच्या छातीवर धक्का देणाऱ्या तांब्याच्या जड पट्ट्या दाबून बसवताना त्याच्या लक्षात आले की, वीज सोडण्याआधीच मांडीच्या धमनीतील रक्तदाब किंचित वाढतो. यंत्राच्या कागदावर एक छोटीशी रेघ वर जात होती. हृदय तर बंद होते. मग दाब आला कुठून? पट्ट्यांच्या वजनाने छाती दबत होती आणि त्या दाबाने रक्त पुढे सरकत होते.

अशी रेघ त्याआधी कोणाला दिसलीच नसेल असे नाही. दिसली तरी ती चूक म्हणून सोडून देणे सोपे होते. या गटाने ती सोडली नाही. निकरबॉकर, कौवेनहोवेन आणि जेम्स ज्यूड हे तरुण शल्यचिकित्सक या तिघांनी मग एकच काम हाती घेतले : छातीवर नेमके कुठे दाबायचे, किती खोल, किती वेगाने. कुत्र्यांवर प्रयोग करता करता असे दिसले की, नुसते हाताने दाबत राहिले तरी बंद हृदय आणि शाबूत मेंदू वीस मिनिटांहून अधिक काळ तग धरू शकतात. यंत्र येईपर्यंतची वेळ आता हातांनी भरून काढता येत होती.

बाहेरून छाती दाबण्याची कल्पना अगदी नवी होती असे नाही. जर्मनीत गोटिंगेन येथील डॉक्टर फ्रीडरिश मास यांनी १८९१ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे हृदय थांबलेल्या रुग्णांवर ती वापरून यश मिळवले होते. पण पुढे वैद्यकाने ती बाजूला टाकली. जवळजवळ सत्तर वर्षे ती पडून राहिली आणि तेवढा काळ डॉक्टर छाती कापत राहिले.

१९५९ मध्ये ज्यूड यांच्यासमोर एक महिला आली. शस्त्रक्रियेसाठी भूल देताच तिचे हृदय थांबले. एरवी सुरी हातात घ्यावी लागली असती. ज्यूड यांनी तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबू लागले. काही वेळाने हृदय सुरू झाले. छाती कापावी लागली नाही.

वीस रुग्ण, चार पाने

९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. जेमतेम चार पानांचा. त्यात वीस रुग्णांची हकिगत होती आणि त्यातले १४ जण वाचले होते. छातीच्या उभ्या हाडाच्या खालच्या भागावर, मिनिटाला साधारण साठ ते ऐंशी वेळा, तीन ते चार सेंटिमीटर खोल दाबावे, असे त्यांनी सांगितले होते. पण लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकड्यांची नव्हती. हा उपाय कोणीही, कुठेही सुरू करू शकतो आणि त्यासाठी दोन हातांखेरीज काहीही लागत नाही, असा त्याचा सांगावा होता.

वीसपैकी चौदा हा आकडा वाचून भारावून जाणे सोपे आहे. पण ते रुग्ण रुग्णालयाशी जोडलेले होते आणि मदतीला शिकलेले हात जवळ होते. रस्त्यावर किंवा घरात कोसळलेल्या माणसांत वाचण्याचे प्रमाण आजही जगात सगळीकडे बरेच कमी आहे. काहीच केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे आज मानले जाते. दाबत राहिले तर ही घसरण मंदावते. म्हणजे छाती दाबणे हा खात्रीचा इलाज नाही. ती वेळ विकत घेण्याची रीत आहे.

त्याच सुमारास, त्याच बाल्टिमोर शहरात ऑस्ट्रियात जन्मलेले भूलतज्ज्ञ पीटर सफर दुसऱ्या अंगाने याच प्रश्नाकडे पाहत होते. स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरते लुळे करून, तोंडाने दिलेला श्वास त्यांना जिवंत ठेवायला पुरतो हे त्यांनी व त्यांचे सहकारी जेम्स एलम यांनी दाखवून दिले होते. १९६० मध्ये हे दोन धागे जुळले. छाती दाबणे आणि श्वास देणे एकत्र आले आणि आज सीपीआर नावाने ओळखली जाणारी पद्धत जन्माला आली. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. त्यांच्या कंपनीच्या बाहुल्यांवर लोक आजही हा सराव करतात.

हे करायचे कोणी?

शोध लागला, पण तो कोणाच्या हाती द्यायचा यावर वाद झाला. चुकीचे दाबले तर फासळ्या मोडतील, यकृताला इजा होईल, म्हणून हे काम डॉक्टरांपुरतेच राहावे असे अनेकांना वाटत होते. कौवेनहोवेन आणि ज्यूड यांनी बाल्टिमोरच्या अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकांवरील जवानांना शिकवायला सुरुवात केली. वीज कंपन्यांच्या कामगारांसाठी तर हे सारे सुरूच झाले होते. १९६६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय आणि त्याच्याशी संबंधित कर्मचाऱ्यांना शिकवण्यास अधिकृत मान्यता मिळाली. सामान्य नागरिकांना शिकवावे अशी शिफारस व्हायला मात्र १९७४ साल उजाडले. दोन हात पुरेसे आहेत, हे छापून आल्यानंतर ते हात सर्वसामान्यांचे असू शकतात हे मान्य व्हायला चौदा वर्षे लागली.

सिएटल शहराने तोवर थांबायचे नाकारले होते. तिथे १९७२ पासून साध्या नागरिकांना मोठ्या संख्येने छाती दाबायला शिकवले गेले. रुग्णवाहिका पोचण्याआधी शेजाऱ्याने काम सुरू केले तर वाचणाऱ्यांची संख्या वाढते, हे तिथे दिसून आले. आज फासळी मोडण्याच्या भीतीला डॉक्टर सरळ उत्तर देतात. मोडलेली फासळी जुळते, मेलेला मेंदू परत येत नाही.

कौवेनहोवेन यांचे आकडेही काळाबरोबर बदलले. आजच्या सूचनेनुसार मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर, पण सहापेक्षा जास्त नाही इतकी दाबावी आणि वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस असावा. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जाहीर केले की, अनोळखी माणसाला तोंडाने श्वास द्यायला जे कचरतात त्यांनी नुसते दाबले तरी चालेल. भारतातही इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत मांडली. मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

अभियंत्याला वैद्यकाची पदवी

उशिरा सुरू झालेल्या या कामाचा गौरवही उशिरा झाला. १९६१ मध्ये अमेरिकेतील वीज अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना एडिसन पदक दिले. १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. या विद्यापीठाने अशी पदवी त्याआधी कोणालाच दिली नव्हती. ज्याने एकही रुग्ण तपासला नाही असा माणूस ८३ व्या वर्षी डॉक्टर झाला. १९७३ मध्ये पॉल झोल यांच्यासह त्यांना वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी, ८९ व्या वर्षी बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. सामान्य माणसाने हे शिकावे अशी शिफारस पाहायला ते जेमतेम हयात होते.

त्यांनी ज्यासाठी तीस वर्षे घालवली ते यंत्रही पुढे लहान होत गेले. १९६१ च्या सुमारास ते सुटकेसएवढे झाले. आज विमानतळांवर भिंतीला टांगलेले छोटे यंत्र स्वतः हृदयाची नोंद तपासते आणि काय करायचे ते बोलून सांगते. पण बहुतेक गावांत ते यंत्र नाही. तिथे रुग्णवाहिका येईपर्यंत उरतात ते दोन हातच.

युसूफ वडगावातली पाच मिनिटे

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती उभी राहिली. केज तालुक्यातल्या रुग्णांना मोठ्या उपचारासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे. पण रुग्णवाहिका वस्तीवर पोचायला आणि तिथून अंबाजोगाई गाठायला जो वेळ लागतो, तो चार-सहा मिनिटांत बसणारा नाही. म्हणून युसूफ वडगावात कोणी कोसळले तर पहिला डॉक्टर शेजारीच असतो.

दसऱ्यानंतर तर प्रश्न आणखी अवघड होतो. जिल्ह्यातली हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. तिकडे फडाजवळच्या कोप्यांत राहणाऱ्यांपासून दवाखाना आणखी दूर असतो. म्हणून हे ज्ञान एक-दोघांपुरते ठेवून चालत नाही. आशा सेविका, शिक्षक, वायरमन, दुकानदार, मुकादम, सगळ्यांना ते यायला हवे. बारा वर्षांपुढील मुलांना शाळेत दरवर्षी दोन तास हे शिकवावे या उपक्रमाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे. उशीवर किंवा अर्धवट भरलेल्या पोत्यावर हात कसे ठेवायचे, कोपर कसे ताठ ठेवायचे, लय कशी सांभाळायची याची ओळख गावातही करून घेता येते. बाहुलीवरचा सराव मात्र प्रशिक्षित माणसाकडून एकदा तरी करावा.

प्रत्यक्ष वेळ आली तर क्रम साधा आहे. विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच किंवा स्टार्टर बंद करावा. वीज तुटल्याखेरीज माणसाला हात लावू नये, नाहीतर एकाचे दोन होतात. तुटलेली मोठी लाइन असेल तर लांब राहून महावितरणला वीजपुरवठा बंद करायला सांगावे. जागा सुरक्षित झाली की माणसाला खांद्याला धरून हलवावे, मोठ्याने हाक मारावी. तो ओ देत नसेल आणि दहा सेकंदांत नीट श्वास दिसत नसेल तर हृदय बंद पडले असे धरावे. अधूनमधून आचके दिल्यासारखा किंवा घरघरीचा श्वास म्हणजे श्वास नव्हे. इथेच बहुतेकांची फसगत होते.

एकाने लगेच १०८ ला फोन करावा आणि गावाबरोबर वस्तीची नेमकी खूणही सांगावी. दुसऱ्याने माणसाला बाजेवरून खाली, कठीण जमिनीवर उताणे घ्यावे. बाजेवर दाबले तर छातीऐवजी बाज खाली जाते. छातीच्या मधोमध, उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर एका तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ ठेवून अंगाच्या भाराने दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. सेकंदाला जवळजवळ दोनदा, न थांबता. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, म्हणून माणसे बदलावीत, पण काम थांबू देऊ नये. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना श्वासही लागतो. तिथे शिकलेला माणूस असेल तर तीस वेळा दाबून दोन श्वास द्यावेत. माणूस हलू लागेपर्यंत, नीट श्वास घेईपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतले डॉक्टर हातात घेईपर्यंत दाबत राहावे.

नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे, तोंडात पाणी ओतणे, तळपाय चोळत बसणे यात ती चार मिनिटे जातात आणि पाणी श्वासनलिकेत गेले तर अपायच होतो. जीप शोधायला धावायचे तर एकाने धावावे. बाकीच्यांनी तोवर दाबणे चालू ठेवावे.

गावात यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. शिकलेल्या माणसांची यादी आणि त्यांचे फोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर असावेत. वस्तीवर रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने यायची ते आधीच ठरलेले असावे. सुगीआधी आणि दसऱ्याला माणसे बाहेर पडण्याआधी वर्षातून दोनदा उजळणी व्हावी. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

बाल्टिमोरच्या त्या प्रयोगशाळेत कागदावरची रेघ किंचित वर गेली त्याला साठाहून अधिक वर्षे झाली. तारेवर मरणाऱ्या लाइनमनसाठी सुरू झालेले ते काम रात्री मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याच्याही उपयोगाचे आहे. मात्र त्यासाठी विहिरीपाशी त्याच्याबरोबर गेलेल्या माणसाला छाती कुठे आणि कशी दाबायची ते आधीच ठाऊक असले पाहिजे.